दही लागायचा वेळ

जाहिरातीच्या अगदी शेवटी एक ओळ होती : ‘लांब राहणाऱ्या उमेदवारांना प्राधान्य.’ शलाका नारखेडेने ती पुन्हा एकदा वाचली आणि छपाईची चूक समजून सोडून दिली. दोन वर्षं नोकरी शोधणारं माणूस जाहिरातीतल्या चुका काढत बसत नाही.

शलाका कालमापक होती. जळगावात हे कोणाला सांगितलं की समोरचा हमखास आपल्या मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ काढून पुढे करायचा. ज्या वेधशाळेत तिने अठरा वर्षं अणुघड्याळं सांभाळली, तिथली घड्याळं एके दिवशी आकाशातल्या उपग्रहांशी बोलून स्वतःच स्वतःला लावून घ्यायला लागली. मग वेधशाळेला शलाका नकोशी झाली. पन्नाशी गाठलेल्या बाईला नव्याने दारं ठोठावायला लागणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण शलाका खचणाऱ्यातली नव्हती. नकार आला की ती चहा टाकायची आणि पुढचा अर्ज लिहायला घ्यायची.

आता मात्र तिच्यापुढे एकदम दोन नोकऱ्या होत्या. एक घराच्या पलीकडच्या गल्लीत, एका शीतगृहात. तापमानाचे आकडे बघायचे, लाल दिवा लागला की फोन करायचा. ती जवळजवळ हातातच होती, सोमवारी होकार कळवायचा होता. दुसरी लोणारला, कालसंकोच संशोधन केंद्रात. तिथे अजून मुलाखत व्हायची होती. जळगाव ते लोणार तीन तास, परत यायला तीन तास.

घरात दोघंच राहत, ती आणि तिचे वडील. नाना आयुष्यभर एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सगळ्या स्टँडला ओरडून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्यांना गावोगाव पाठवणाऱ्या या माणसाचं प्रवासाबद्दलचं मत फार वाईट होतं. त्यात आता हृदय थकलं होतं. दोनेक वर्षं धरून चाला, असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात बापलेकीला समोर बसवून सांगितलं होतं.

“इतक्या लांबची नोकरी?” नाना म्हणाले. “याहून जवळची नाही का मिळाली?”

शलाकाने त्यांना समजावून सांगितलं. ने-आण करायला केंद्राची स्वतःची वाहिका येते. तिच्या आत काळ आवळलेला असतो. बाहेर तीन तास जातात तेव्हा आत बसलेल्या माणसाची जेमतेम तीन मिनिटं जातात. बसलं, पदर सावरला, की लोणार. प्रवासाचा शीण नाही, कंटाळा नाही आणि आयुष्यातला वेळही जात नाही.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुला तीन मिनिटं. आणि मला?”

नानांसाठी ते जाऊन-येऊन सहा तासच होते, वर कामाचे आठ. त्यांच्या उरलेल्या दिवसांतला मोठा तुकडा ते भिंतीकडे बघत काढणार आणि ती त्या वेळात कुठेतरी रस्त्यावर गोठून बसलेली असणार. तरी मुलाखतीला जायचंच असं तिने ठरवलं, कारण शीतगृहातला लाल दिवा डोळ्यांपुढे आला की तिला आताच झोप यायची.

सकाळी वेगळाच घोळ झाला. शुभकामाला निघताना हातावर दही-साखर घातल्याशिवाय नाना कोणाला उंबरा ओलांडू देत नसत आणि नेमकं रात्री दुधाला विरजण लावायचं राहून गेलं होतं. चूक नानांचीच, त्यामुळे ते भलतेच हळवे झाले होते. शेवटी त्यांनी दूध कोमट केलं, शेजारच्या घरून चमचाभर दही आणून त्यात घातलं आणि छोट्या स्टीलच्या डबीचं झाकण घट्ट लावून ती रुमालात बांधली. सोबत साखरेची पुडी. मुलाखत संपेपर्यंत लागेल दही, तेव्हा खा, म्हणाले.

“नाना, वाहिकेत तीनच मिनिटं जाणार. हे लोणारला पोचलं तरी दूधच असेल. दह्याला निदान पाच-सहा तास लागतात.”

“तुझं शास्त्र तुझ्यापाशी. डबी सांडू नकोस म्हणजे झालं.”

वाहिका आली ती बघून शलाकाचा जरा हिरमोडच झाला. साध्या मालवाहू गाडीसारखी गाडी आणि तिच्या पोटात कपाटाएवढा बंद कक्ष. आत मेथीचा वास भरून राहिला होता. चालक म्हणाला, परवापर्यंत यात भाजीच न्यायचो, माणसं आता सुरू होतायत. दार लागलं. इवल्या खिडकीतून बाहेरचं जग पातळ रंगासारखं वाहून गेलं. राजूरचा घाट तिला एका आवंढ्याएवढा वाटला. ती आपल्याशी उत्तरांची उजळणी करायला लागली तोच दार उघडलंसुद्धा. बाहेर लोणारचं कोवळं ऊन पडलं होतं. तिने डबीचं झाकण हळूच उचलून पाहिलं. दूध तसंच्या तसं, पातळ. तिला हसू आलं.

केंद्राच्या दारात तिला घड्याळ आणि फोन काढून ठेवायला सांगितलं. तबकात आधीच दोन-तीन घड्याळं होती आणि सगळी पालथी होती. ते पाहून शलाकाला फार बरं वाटलं. ही तिचीच पद्धत होती. वेधशाळेत मुख्य घड्याळाच्या खोलीत जाताना प्रत्येकाने स्वतःचं घड्याळ बाहेर पालथं घालून जायचं, हा नियम तिने लावला होता. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मुख्य घड्याळावर शंका घेण्याची खोड नव्या पोरांना फार असते. त्या पोरांपैकीच एक श्रेयस पाटणकर. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, भांगाकडे कधी लक्ष नसलेला, हुशार मुलगा. आज तो या केंद्राचा संचालक होता आणि मुलाखतीचं बोलावणं त्याच्याच सहीने आलं होतं. भेटला की त्याची थोडी फिरकी घ्यायची असं तिने ठरवून ठेवलं होतं.

पण मुलाखतीच्या खोलीत श्रेयस नव्हता. बिनखिडक्यांची, यंत्रांच्या धगीने उबदार झालेली ती खोली होती. समोर तिघं बसले होते. सिद्धान्ताचं काम बघणाऱ्या डॉ. रुक्साना मुजावर, कर्मचारी विभागाचे खोब्रागडे, आणि मधोमध पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे एक गृहस्थ. ते फारसं बोलत नव्हते, नुसतं तिच्याकडे बघत होते. संचालकांना यायला उशीर झाला असेल, असं शलाकाने धरलं.

मुजावरबाईंना समजावून सांगायची हौस होती. “काळ म्हणजे काय, तर बदल,” त्या म्हणाल्या. “दगडात बदल जवळजवळ होत नाही, म्हणून दगडातून काळ पिळून निघत नाही. पानं, फळं, जनावरं, माणसं यांच्यात तो क्षणोक्षणी होतो. आम्ही तो बदल आवळतो. भाजी चार दिवसांनी पोचली तरी मळ्यातून आत्ताच खुडल्यासारखी.”

“आणि माणसं?”

“माणसात बदल सगळ्यात जास्त. म्हणून माणसांवर हे सगळ्यात छान चालतं.”

मग प्रश्न सुरू झाले. प्रश्नांमागून प्रात्यक्षिक. दोन अणुघड्याळं तिच्यापुढे ठेवली आणि त्यांच्यातला फरक शोधून ती एकमेकांना लावायला सांगितली. दोन वर्षांनी त्या बटणांवर बोटं ठेवताना शलाकाला माहेरी आल्यासारखं वाटलं. हात काही विसरले नव्हते. मध्ये चहा आला, आणखी काम झालं, मग पिठलं-भाकरी आणि ठेचा असं चक्क जेवण आलं. जेवणानंतर पुन्हा प्रश्न. एवढी लांब मुलाखत तिने आजवर दिली नव्हती, पण ती रंगून गेली होती. दिवस कलला असेल ना, असं तिने विचारलं तेव्हा खोब्रागडे हसून म्हणाले की वाहिकेत पहिल्यांदा बसलं की वेळेचा असा गोंधळ होतो, दोन दिवसांत सवय होते. इथे पाळी आठच तासांची आहे, आणि तेवढ्यात दोन जेवणं, दोन नाश्ते केंद्राकडून. आठ तासांत दोन जेवणं कोण खातं, असं तिच्या मनात आलं. पण यजमानाच्या ताटाबद्दल पाहुण्याने बोलू नये, म्हणून ती गप्प राहिली.

अखेर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुजावरबाईंनी तिचं अभिनंदन केलं. नोकरी तिची होती.

शलाकाचा जीव भांड्यात पडला. दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं आणि पहिल्यांदा आठवले ते नाना. दही नाही तर नाही, विरजलेल्या दुधाचा घोट आणि चिमूटभर साखर तरी त्यांच्या नावाने घ्यावी म्हणून, जरा लाजतच सगळ्यांची परवानगी मागून तिने पिशवीतली डबी काढली आणि झाकण उघडलं.

आत दही होतं. नीट लागलेलं, कडेला थोडं पाणी सुटलेलं.

शलाकाने डबी हलवून पाहिली. मग त्यातलं पाणी बशीत ओतलं आणि टेबलावरच डबी पालथी धरली. एक थेंब पडला नाही.

“हे पहाटे विरजलं,” ती म्हणाली. “वाहिकेतून उतरले तेव्हा दूध होतं, मी स्वतः पाहिलं. दही पाच तासांच्या आत असं लागत नाही. म्हणजे मी या खोलीत पाच तास बसलेय. बाहेर किती वाजले?”

खोब्रागडे उगाच कागद सारखे करायला लागले. शलाकानेच मग उठून दार उघडलं. समोरच्या पडवीत अजून सकाळचं तेच कोवळं ऊन होतं आणि ती आत आली तेव्हा पडवी झाडत असलेला माणूस अजून तीच पडवी झाडत होता.

ती परत येऊन बसली. आता तिला राग आला होता, पण त्याहून जास्त तिचं डोकं झरझर चालत होतं. अठरा वर्षं ती एकच गोष्ट शिकली होती. एका घड्याळातून क्षण कमी झाला तर तो दुसरीकडे कुठेतरी सापडलाच पाहिजे.

“वाहिकेत पिळून काढलेला काळ नाहीसा होत नाही,” ती सावकाश म्हणाली. “तो तुम्ही इथे आणून ओतता. माझ्या प्रवासातले तीन तास या खोलीत आले आणि मी तेच मुलाखतीत खर्च केले. बाकीचे भाजीच्या गाड्यांचे. उद्या मी कामाला लागले की माझे जाता-येताचे सहा तास रोज या भिंतींमध्ये उतरतील. बाहेरच्या आठ तासांत मी चौदा तास काम करीन आणि दोन जेवणं जेवीन. म्हणून तुम्हाला लांबची माणसं हवीत. जितकं घर लांब तितकं काम जास्त.”

मग मधले गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, “शलाकाताई, घड्याळ पालथं घालायला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही दही घेऊन याल असं काही डोक्यात आलं नाही.”

आवाज तिच्या ओळखीचा होता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बाजूला सारून पाहिलं तर खाली श्रेयस होता. चव्वेचाळीस वर्षांचा असायला हवा होता, समोर साठीचा माणूस बसला होता. फिरकी घ्यायचे बेत शलाका विसरली.

“काय करून घेतलंस रे हे?”

श्रेयसने ते लपवलं नाही. नऊ वर्षांत इतकं मोठं यंत्र उभं राहत नाही, तो म्हणाला. गावोगावच्या भाजीचा काळ या खोलीत उतरवत ते तिघं आत राबत राहिले आणि बाहेरच्या नऊ वर्षांत त्यांची आतली पंचवीस झाली. पण भाजीतून निघतो तो काळ चिमूटभर, माणसातून निघतो तो भरपूर. “अंगणात कक्ष ठेवून लोकांना म्हटलं असतं, रोज सहा तास यात येऊन बसा, तर कोण बसलं असतं? प्रवासाला मात्र माणसं आपणहून बसतात. तो वेळ कोणी आपला धरतच नाही, ताई. गेला तर लोक उलट आभार मानतात.”

हे खरं होतं आणि म्हणूनच शलाकाला जास्त लागलं. तीसुद्धा काल रात्री नानांना हेच सांगत होती, की प्रवासाचा वेळ आयुष्यातला धरायचाच नाही. नानांनी तो धरला होता. तुला तीन मिनिटं, आणि मला?

तिने मुजावरबाईंना विचारलं की काढलेला काळ याच खोलीत उतरवावा लागतो का. त्या म्हणाल्या, तसं काही नाही. प्रेशर कुकरएवढ्या कालपात्रात तो भरून नेता येतो. मात्र त्याच दिवशी उतरवावा लागतो, आणि एका खोलीपेक्षा जास्त जागेला पुरत नाही. हे सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच बोललो.

“मग माझी अट ऐका,” शलाका म्हणाली. “प्रवास ज्याचा, काळ त्याचा. तो कुठे उतरवायचा हे तो ठरवील. माझा माझ्या घरी उतरेल. आणि हे माझ्या एकटीपुरतं नाही, इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगायचं.”

खोब्रागड्यांनी विचारलं की मग यात केंद्राला काय मिळालं.

“कालमापक मिळाली. जाहिरात त्याचीच होती ना? तुमच्या या खोलीत काळ धावतो, वाहिकेत रांगतो आणि तुमची दोन्ही घड्याळं मघाशी एकमेकांशी भांडत होती. ती कोणी जुळवायची? ज्यांचे तास तुम्ही चोरणार त्यांनी?”

श्रेयसने आपल्या हातांकडे पाहिलं. हातावरच्या शिरा वर आल्या होत्या. आई गेली तेव्हा मी याच खोलीत होतो, तो म्हणाला, मला कळेपर्यंत बाहेर दोन दिवस झाले होते आणि आत माझा आठवडा कामात गेला होता. मला हे तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. मग त्याने खोब्रागड्यांसमोरचा कागद ओढून घेतला आणि तिची अट स्वतःच्या हाताने त्यात लिहिली.

शलाकाने डबीतलं थोडं दही साखर घालून त्याच्या हातावर ठेवलं. उरलेलं पुन्हा रुमालात बांधलं.

भर दुपारी ती घरी पोचली तेव्हा नाना दारातच खुर्ची टाकून बसले होते. तिने काखेत धरलेलं कालपात्र बघून, हा कुकर कशाला आणलास, म्हणाले. दही खरंच लागलं हे कळल्यावर त्यांनी शास्त्र शिकलेल्या लेकीकडे बघून नुसती मान डोलावली आणि विषय वाढवला नाही. त्यांचा मोठेपणाच तो.

मग शलाकाने त्यांना आत आणून बसवलं आणि सगळं सांगितलं. वाईट भागही गाळला नाही. काळ या खोलीत उतरला की तो दोघांच्याही अंगावरून जाणार. ती रोज सहा तासांनी म्हातारी होणार असं नाही, कारण ते तिने प्रवासात वाचवलेले असतील. पण नानांनी काही वाचवलेलं नसेल. त्यांचे सहा तास जास्तीचे जाणार. डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षं कॅलेंडरवर दोन वर्षं टिकणार नाहीत, आधी संपतील. नको असेल तर तसं सांगा, सोमवारी शीतगृहाला होकार कळवते, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही, असं ती म्हणाली. शेवटचं वाक्य खोटं होतं, ते दोघांनाही कळलं.

नानांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“डॉक्टरांनी सांगितली ती भिंतीवरच्या कॅलेंडरातली वर्षं,” ते म्हणाले. “तू घरात नसलीस की मी ती भिंतीकडे बघूनच काढतो. ती दोन असली काय आणि कमी असली काय. तू समोर बसलेली असतेस तेवढीच माझी. ती वाढत असतील तर वाढव बाई. तुझा कुकर लाव.”

शलाकाने दार लावलं आणि पात्राची झडप उघडली. आवाज झाला नाही, वास आला नाही. एवढंच झालं की खिडकीबाहेरचं जग हळू झालं. कुंपणावरून उडालेलं कबुतर हवेतच रेंगाळलं. गल्लीतल्या फेरीवाल्याची हाक जाड आणि लांबलचक होत होत गुणगुणण्याएवढी उरली. फरशीवर पडलेलं उन्हाचं चौकोनी पान जागच्या जागी थांबलं.

त्या थांबलेल्या दुपारी दोघांनी साखर घालून दही खाल्लं. मग नाना बोलायला लागले. स्टँडवरच्या गमती सांगितल्या, शलाकाच्या आईला पहिल्यांदा पाहिलं ते फलाट क्रमांक सातवर, हे सांगितलं. ती चुकीच्या गाडीत चढत होती आणि नानांनी ते बघूनही मुद्दाम घोषणा केली नाही, म्हणजे ती उतरून विचारायला येईल. हे शलाकाला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दोन डाव पत्त्यांचे झाले, नाना लबाडीने दोन्ही जिंकले. मध्ये ते तासभर झोपले आणि ती नुसती त्यांच्याकडे बघत बसली. कुठे जायची घाई नव्हती. चहा झाला, पुन्हा बोलणं झालं.

पात्र रिकामं झालं तेव्हा बाहेर कबुतर समोरच्या गच्चीवर जाऊन बसलेलं होतं आणि फेरीवाल्याची हाक गल्लीच्या टोकाकडून पुन्हा नेहमीसारखी ऐकू आली. पाव तास झाला होता.

नानांनी फरशीवरच्या उन्हाकडे पाहिलं. ते त्याच फरशीवर होतं, जेमतेम बोटभर सरकलेलं.

“आणि हे रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज. आज येतानाचे तीनच तास होते. उद्यापासून जाण्याचे आणि येण्याचे, सहा.”

पत्ते गोळा करून नानांनी गड्डी नीट लावली, टेबलावर ठेवली आणि गंभीरपणे लेकीकडे पाहिलं.

“शलू,” ते म्हणाले, “याहून लांबची नाही का मिळाली?”